झील कुणी धरली? शिंदे घराण्याच्या निमित्तानं आपल्या गाण्याचा इतिहास

आमच्या सोलापुरात वर्षातून दोन हंगामांत एकाच माणसाचा आवाज रस्त्यावर येतो. एप्रिल उजाडला की न्यू बुधवार पेठेपासून शहराच्या टोकाच्या वस्त्यांपर्यंत मंडपामंडपात भीमगीतं लागतात, त्यांत हा आवाज असतो. पुढं आषाढ येतो, पंढरपूरच्या वाटेला दिंड्या लागतात आणि चहाच्या टपऱ्यांवर, एसटी स्टँडवर, फराळाच्या मंडपांत विठ्ठलाची गाणी सुरू होतात. तिथंही हाच आवाज. प्रल्हाद शिंदे यांना जाऊन वीस वर्षं उलटली, पण त्यांचा एकही हंगाम चुकलेला नाही.

गंमत अशी की दोन्ही ठिकाणच्या ऐकणाऱ्यांची एकमेकांशी फारशी ओळख नाही. आषाढीला डोळे मिटून ऐकणाऱ्या कितीतरी घरांना हा गायक आंबेडकरी चळवळीचा होता हे माहीत नसतं, आणि माहीत झालं तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात. आपल्याकडचे काही कडवे कार्यकर्ते त्यांची विठ्ठलाची गाणी लागली की मंडपातून उठून जातात. मीही उठणाऱ्यांतलीच होते. त्याबद्दल पुढं सांगते.

आधी मूळ प्रश्न. भगवानराव आणि सोनाबाई शिंदे, त्यांचे चिरंजीव प्रल्हाद, मग आनंद, मिलिंद आणि दिनकर, आता आदर्श, उत्कर्ष, हर्षद. एकाच घरात चार पिढ्या गाणं टिकलं आणि ऐकणारेही चार पिढ्या टिकले. असं का झालं? विचारलं की हमखास एकच उत्तर येतं: ‘देवाची देणगी, दुसरं काय!’ बौद्ध म्हणून मला हे उत्तर पटत नाही आणि समाजशास्त्र शिकलेली बाई म्हणून तर मुळीच पटत नाही. देणगी म्हटलं की कष्ट पुसले जातात. ज्यांच्या कष्टांवर हे गाणं उभं राहिलं, त्यांची नावं पुसली जातात. माझं सगळं भांडण या पुसण्याशी आहे.

शिंदे घराणं मूळचं मंगळवेढ्याचं, आमच्याच जिल्ह्यातलं. मंगळवेढा म्हटलं की लोकांना ज्वारी आठवते, संत दामाजी आठवतात. आपल्याला चोखोबा आठवले पाहिजेत. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू होतं, वेठीला धरलेले महार ते बांधत होते, ती भिंत कोसळली आणि तिच्याखाली सापडून चोखामेळा गेले. साल १३३८ सांगतात. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वाराच्या पायरीपाशी समाधी बांधली. म्हणजे मेल्यानंतरही दाराबाहेर. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, ते उगाच नाही.

त्याच मंगळवेढ्याच्या मातीतल्या घरात १९३३ साली प्रल्हाद शिंदे जन्मले. साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं ते मे १९४७ मध्ये, आणि त्यानंतर मंदिराचं दार अस्पृश्यांना उघडलं. तेव्हा प्रल्हाद चौदा वर्षांचे होते. आज ज्या आवाजाशिवाय आषाढी पुरी होत नाही, त्या आवाजाच्या धन्याला वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत त्या मंदिरात पाऊल टाकायची मुभा नव्हती. हे वाक्य आषाढीच्या पुरवणीत छापून आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

लहानपणी आईवडिलांबरोबर कीर्तनात साथ करत ते गायला लागले. मागं उभं राहायचं, टाळ धरायचा, मुख्य गाणाऱ्यानं ओळ टाकली की ती उचलायची आणि तो श्वास घेईपर्यंत तोलून धरायची. पुढं मुंबईत इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत ते कोरसमध्ये गात होते. १९५८ सालच्या ‘अल हिलाल’ चित्रपटातल्या कव्वालीनं देशभर नाव झालेले ते इस्माईल आझाद. म्हणजे ज्यांना आपण सम्राट वगैरे म्हणतो, ते प्रल्हाददादा आधी झीलकरी होते. मला तर त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली इथंच दिसते.

झील म्हणजे काय हे नव्या पोरांना सांगायला हवं, कारण शब्दच मागं पडला आहे. पोवाड्यात, तमाशात, जलशात शाहिराच्या पाठीमागं तुणतुणं-झांज घेऊन दोघं-तिघं उभे असतात. शाहिरानं ओळ सोडली की ते ती उंच सुरात धरतात आणि लांबवतात. हे झीलकरी. कीर्तनात तेच काम टाळकरी करतात, कव्वालीत कोरसवाले टाळ्यांसकट करतात, गायन पार्टीत पेटी-ढोलकीच्या शेजारी बसलेले दोघं-चौघं करतात. नाव बदलतं, काम तेच.

चर्चमधल्या गायकवृंदात चार प्रकारचे आवाज एकाच वेळी वेगवेगळे स्वर लावतात आणि त्यांची इमारत उभी राहते. आपल्याकडं तसं नाही. सगळे एकच चाल गातात. पण नीट कान दिला तर कळतं की ती एक नसते. एकाचा आवाज जाडा आणि खालचा, दुसऱ्याचा पातळ आणि चढा, तिसरा किंचित मागून येतो, चौथा शेवटचं अक्षर इतरांपेक्षा लांब ओढतो. कुणीही आपला आवाज पुसून दुसऱ्यासारखा करत नाही. म्हणून वीस माणसांचा कोरस ऐकताना वीस माणसं ऐकू येतात. माइक नसलेल्या काळात उघड्या मैदानात मागच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचे, तर हाच उपाय होता. शिंद्यांच्या ज्या आवाजाला लोक ‘पहाडी’ म्हणतात तो उघड्यावर, न थांबता, इतरांच्या आवाजावर आपला आवाज चढवून गाण्याच्या सवयीतून घडतो. बंद दिवाणखान्यात तानपुऱ्यापुढं बसून गाणाऱ्याला त्याची गरज पडत नाही. गरज पडत नाही म्हणून त्याचा आवाज ‘सुसंस्कृत’, आणि आपला ‘रांगडा’!

झीलेचं दुसरं काम ऐकणाऱ्यांशी आहे. ओळ एकदा गायक म्हणतो, लगेच कोरस म्हणतो, कडवं संपलं की पुन्हा तीच. एका गाण्यात ध्रुवपद आठ-दहा वेळा येतं. तिसऱ्या वेळेला समोरची बाई ते म्हणू लागते, पाचव्या वेळेला सगळं मैदान. घरी जाताना गाणं पाठ झालेलं असतं. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ काढला. पण ज्यांच्यासाठी काढला त्यांतल्या बहुसंख्यांना अक्षर शिकू दिलेलं नव्हतं. मग वर्तमानपत्रातला विचार गावोगाव गेला कसा? जलशातून गेला. आपल्या चळवळीत बाबासाहेबांच्या नावानं सांगतात की शाहिराचा एक जलसा त्यांच्या दहा भाषणांच्या तोडीचा. शब्द कमीजास्त असतील. पण ज्यांनी ते रात्रभराचे कार्यक्रम पाहिले त्यांनी हे कधी खोटं मानलं नाही.

आंबेडकरी जलसा सत्यशोधक जलशाच्या पोटी आला. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी १९३० च्या सुमारास तो उभा केला आणि पुढं ‘आंबेडकरी जलसे’ या पुस्तकात त्याचा इतिहासही लिहून ठेवला. केरुजी घेगडे, केरूबुवा गायकवाड, रामचंद्र सोनवणे असे किती तरी जलसाकार त्या पिढीत होते. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो हाच काळ. जलशाचा सांगाडा तमाशाचाच होता: सुरुवातीचं नमन, मग बतावणी, मग फार्स. आतला ऐवज मात्र उलटा केला. गौळण गेली. नाचणारी बाई गेली. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, दारू सोडा, पोरांना शाळेत घाला, महारकीच्या वतनाचा मोह सोडा, हे सगळं हसत-खेळत आलं.

इथं एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. तमाशातल्या बाईच्या शरीराचा बाजार थांबवायचा म्हणून जलशानं स्त्रीलाच मंचावरून उतरवलं आणि पुरुषांनी लुगडं नेसून तिची भूमिका केली. पठ्ठे बापूरावांनी पवळाबाईच्या तमाशातून देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली, हे आपण अभिमानानं सांगतो. त्यामागचं कारण मला पटतं. जातीनं बाईवर लादलेल्या कामाच्या पैशावर स्वाभिमानाची चळवळ उभी राहू शकत नव्हती. पण त्याचा परिणाम असाही झाला की पुढची कित्येक वर्षं आपल्या स्त्रियांचा आवाज मंचावर आला नाही. तो जात्यावर होता. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्यांचा जो लाखावर संग्रह केला, त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांकडून त्यांनी १९९६ मध्ये घेतलेल्या ओव्या आजही ऐकायला मिळतात. जात्याला दोघी बसतात. एक ओवी टाकते, दुसरी उचलते. झील तिथंही आहेच. फक्त तिला कुणी पार्टी म्हटलं नाही, बिदागी दिली नाही, पोस्टरवर नाव छापलं नाही.

१९५६ नंतर चित्र बदललं. धम्मदीक्षा झाली, दोन महिन्यांत बाबासाहेब गेले आणि वस्त्यावस्त्यांत गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर असं आपलं स्वतःचं पंचांग तयार झालं आणि त्या पंचांगातला एकही दिवस गाण्याशिवाय जाईना. शर्मिला रेगे यांनी या दिवशी विकल्या जाणाऱ्या पुस्तिका आणि गायन मंडळ्या यांच्याकडं ज्ञाननिर्मिती म्हणून पाहा असं मांडलं, तेव्हा विद्यापीठांचं लक्ष तिकडं गेलं. आपल्या आजी-आजोबांना ते सांगावं लागलं नव्हतं. दोन-चार रुपयांची गाण्यांची पुस्तिका घेऊन ते चैत्यभूमीहून परतायचे आणि वर्षभर तिच्यावर वस्तीतली पोरं गायची. सिन्नरजवळच्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मुंबईत गिरणगावात मोठेपणी अक्षर ओळखायला शिकले, आणि त्यांनी हजारो गाणी लिहिली. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर यांच्या मुकाबल्यांना रात्र पुरत नसे. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं बारी आल्यावर इतिहासाचा, ग्रंथाचा, तारखेचा दाखला देऊन जबाब द्यायचा. मध्येच कुणीतरी नोट पुढं करणार, माइकवर त्याचं नाव पुकारलं जाणार. त्या गायनाच्या आखाड्यात ज्यांनी ‘गोलमेज परिषद’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला, अशी माणसं मला वस्तीत काम करताना आजही भेटतात.

पुस्तिकेतल्या प्रत्येक गाण्यावर ‘चाल’ लिहिलेली असते. चाल बहुतेक वेळा चित्रपटगीताची. यावरून नाकं मुरडणारे संगीतज्ञ पुष्कळ आहेत. म्हणे उसन्या चाली! अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा त्यातल्या पदांच्या चाली कुठून आल्या होत्या? साकी, दिंडी, लावणी, कानडी पदं, सगळं आधीचंच होतं, आणि पदाच्या डोक्यावर तिथंही ‘चाल’ लिहिलेलीच असे. त्याला मराठी संगीत नाटकाचा सुवर्णकाळ म्हणायचं आणि आपण केलं की चोरी. खरं कारण साधं आहे. ओळखीची चाल घेतली की झील शिकवावी लागत नाही. मैदानातला प्रत्येक जण आधीच कोरसमध्ये असतो.

आता लोकप्रियतेकडं येते. आमच्या जिल्ह्यानं दुसराही एक मोठा आवाज दिला, बार्शीचे अमर शेख. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक काढलं. काय ताकद होती! संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर त्या तिघांनी मैदानं पेटवली. पण पथक म्हणून ते टिकलं नाही, आणि शिंद्यांचं, वामनदादांचं गाणं टिकलं. आवाजाचा फरक असता तर अमर शेखही टिकले असते. माझ्या मते फरक पाठीमागच्या रचनेत आहे. कलापथक पक्षाच्या आधारानं उभं होतं. पक्षावर संकट आलं, आत मतभेद झाले, की पथकही विस्कळीत होणार. गायन पार्टी कुठल्याही कार्यालयाला जोडलेली नव्हती. रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले हे मोजायला आता बोटं पुरत नाहीत, पण १४ एप्रिलची पार्टी एकाही गटबाजीनं बंद पाडली नाही. वर्गणी वस्तीची, पेटी वस्तीची, कोरसही वस्तीचा. नेता गेला तरी झीलकरी गल्लीतच राहतो.

शिंदे घराण्यानं हा कोरस घरातच तयार ठेवला. बाप गातो, पोरं मागं बसून उचलतात. एक दिवस पोरगं पुढं बसतं आणि त्याचा भाऊ, पुतण्या मागं बसतात. संगीताच्या ‘घराणं’ या शब्दाचा अर्थ याहून वेगळा काय असतो, मला कळत नाही. तरी ग्वाल्हेर, किराणा, जयपूर ही घराणी, आणि मंगळवेढ्याचे शिंदे ‘लोकगायक’.

बाजारानंही या घराला मोठं केलं, आणि बाजारानंच त्याची फाळणी केली. आधी ध्वनिमुद्रिका, मग ऐंशीच्या दशकात कॅसेट. कॅसेट स्वस्त होती, टेपरेकॉर्डर आपल्याही घरांत आले होते. आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं ज्या घरात वाजलं नाही असं घर त्या काळात महाराष्ट्रात सापडणं अवघड. कंपनीला कळलं की हा आवाज विकला जातो. मग तिनं त्याचे कप्पे पाडले: एका कप्प्यात विठ्ठल, दुसऱ्यात भीमगीतं, तिसऱ्यात लग्नाची आणि गंमतीची गाणी. गिऱ्हाइकानं आपापला कप्पा उघडायचा, शेजारच्या कप्प्यात कोण आहे हे बघायचं नाही. कॅसेटच्या वेष्टनावर मुख्य गायकाचं नाव, फोटो. कवीचं कधी असे, कधी नसे. मागं गाणाऱ्यांसाठी एकच शब्द: ‘आणि साथी’.

आता माझी गोष्ट. कॉलेजात असताना, बावीस प्रतिज्ञा नुकत्या तोंडपाठ झालेल्या, मी माझ्या आत्याच्या घरी प्रल्हाद शिंदेंची विठ्ठलाची कॅसेट बंद केली होती. आत्या विड्या वळत बसली होती. मी तिला सुनावलं, दीक्षा घेतलेल्या घरात हे चालतं का? ती सूप बाजूला न ठेवता म्हणाली, ‘देव कुणाचा का असंना बाई, आवाज आपल्या माणसाचा हाय. त्यो मागनं कसा उचलून धरतोय ते ऐक की जरा.’ मला तेव्हा राग आला. तिला गाण्यातला देव ऐकू येत नव्हता, तिला झील ऐकू येत होती, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

म्हणून मी प्रतिज्ञांवर पाणी सोडा म्हणते आहे असं कुणी समजू नये. विहारात विठ्ठलाचं गाणं लागू नये, हे माझं आजही मत आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना करताना पंढरपूरचा पांडुरंग हा मूळचा बुद्धच, असं म्हटलं होतं. त्याचा आधार घेऊन काही जण प्रल्हाददादांची सगळी भक्तिगीतं बुद्धाच्या खाती जमा करतात. ती पळवाट मला नको. ती गाणी विठ्ठलाचीच आहेत. पण पोटासाठी काय गायचं हे ठरवायचा अधिकार त्या काळात एका दलित गायकाच्या हातात किती होता, हे विचारल्याशिवाय त्याला पाखंडी ठरवणं हा अन्याय आहे. स्टुडिओ त्याचा नव्हता, कंपनी त्याची नव्हती, विक्रीची पेढी त्याची नव्हती. त्या कंपन्यांनी त्याच्याकडून आधी काय मागितलं आणि काय नंतर, हे बघा. आणि जाब विचारायचाच तर त्या घरांना विचारा, ज्यांनी आषाढीला या आवाजावर डोळे ओले केले आणि १४ एप्रिलला तोच आवाज खिडकीतून आला तेव्हा ‘आवाजाचा त्रास होतो’ म्हणून खिडकी लावून घेतली.

हा पेच फक्त आपलाच नाही. १८७१ साली अमेरिकेतल्या नॅशव्हिल इथलं फिस्क कॉलेज पैशाअभावी बंद पडायच्या बेताला आलं होतं. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्यांसाठी काढलेलं ते कॉलेज. तिथल्या नऊ विद्यार्थ्यांचा गायकवृंद दौऱ्यावर निघाला, बहुतेक जण गुलामीत जन्मलेले. सुरुवातीला ते इतरांची लोकप्रिय गाणी म्हणत. आईबापांनी मळ्यावर लपूनछपून म्हटलेली गाणी परक्यांपुढं म्हणायला ते कचरत होते. गोऱ्या श्रोत्यांना मात्र तीच हवी होती. मग त्यांनी ती गायली, १८७३ मध्ये इंग्लंडच्या राणीपुढंही गायली, आणि त्या कमाईतून कॉलेजची ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं. फिस्कचा गायकवृंद दीडशे वर्षांनंतरही गातो. दरवेळी नवे विद्यार्थी, तीच गाणी. पण त्यांच्यात आणि आपल्यात एक मोठा फरक आहे. फिस्कच्या गायकांनी गाण्यातून स्वतःची इमारत बांधली. आपल्या गायकांच्या गाण्यातून इमारती झाल्या त्या कंपन्यांच्या.

दुसराही फरक आहे. फिस्कच्या पहिल्या नऊ जणांची नावं, फोटो, कोण कुठल्या मळ्यावर जन्मलं, सगळी नोंद आहे. लांब कशाला, तुकोबांच्या मागं उभ्या राहणाऱ्या चौदा टाळकऱ्यांची नावं वारकरी परंपरेनं जपली. संताजी जगनाडे आज सगळ्यांना ठाऊक आहेत ते टाळकरी आणि अभंग लिहून ठेवणारे म्हणूनच. आपण आंबेडकरी लोक, इतिहास पुसला म्हणून दुसऱ्यांशी भांडणारे लोक, आपल्या झीलकऱ्यांची यादी कुणी केली?

२००४ साली १५ मे रोजी वामनदादा गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. चाळीस दिवसांच्या आत दोन्ही. एकानं शब्द दिले, दुसऱ्यानं गळा. त्यांच्याबरोबर पार्टीचा काळ संपला असं त्या वेळी अनेकांना वाटलं. तसं झालं नाही. विठ्ठल उमप त्यानंतर सहा वर्षं गात राहिले आणि २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात मंचावरच गेले. शीतल साठे गाण्यासाठी तुरुंगात गेल्या. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन मोबाइलच्या पडद्यावर आल्या आणि लाखोंनी त्यांना ऐकलं. जलशानं खाली उतरवलेली बाई अशी परत मंचावर चढली. आदर्श शिंदे यांच्या आवाजातलं बाबासाहेबांवरच्या मालिकेचं शीर्षकगीत २०१९ पासून रोज रात्री सवर्ण घरांच्या दिवाणखान्यातही वाजलं. पणजोबा कीर्तनात, आजोबा कव्वालीत, बाप कॅसेटवर, नातू टीव्हीवर. साधन बदलत गेलं.

भीती मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. डॉल्बीबद्दल आपल्यात दरवर्षी चर्चा होते ती आवाजाच्या पातळीची, पोलिसांच्या परवानगीची, म्हाताऱ्यांच्या छातीच्या धडधडीची. ते सगळं खरं आहे. पण डॉल्बीपुढं पाचशे पोरं नाचतात, त्यांतलं एकही गात नाही. गायलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. ध्रुवपद दहा वेळा येतं, उचलायला मात्र जागाच राहत नाही. गाणी तीच, आवाज शिंद्यांचाच, आणि झील बंद. मिरवणुकीच्या खर्चाचा हिशेब मी एका मंडळाच्या बैठकीत मांडायला गेले, तर एक पोरगा मला म्हणाला, ‘ताई, पार्टी बोलावली तर ऐकायला कोण येणार?’ मी त्याला म्हटलं, ऐकायला नको येऊस, गायला ये. तो हसला. सगळेच हसले. ठराव काही झाला नाही.

त्याच आठवड्यात मी एक वही घातली. आमच्या भागातल्या जुन्या गायन पार्ट्यांत मागं बसून गायलेल्या माणसांची नावं, वय, कुठल्या पार्टीत होते, काय वाजवत होते, गिरणीत होते की बिगारी कामावर, एवढंच लिहायचं. आतापर्यंत सतरा नावं झाली. त्यांत चार बायका, दोन मुसलमान ढोलकवाले. पहिलं नाव एका पंच्याहत्तरीच्या काकांचं. दिवसभर सूतगिरणीत आणि रात्री पार्टीत, अशी तीस वर्षं त्यांनी दुसरा आवाज धरला. त्यांना मी विचारलं, काका, पार्टीचं नाव काय होतं? त्यांनी मुख्य गायकाचं नाव सांगितलं. मग विचारलं, आणि तुमचं नाव काय लावायचे? ते म्हणाले, ‘माझं कशाला लावतील? मी मागं होतो.’ आणि मग, मी न सांगता, डोळे मिटून त्यांनी एका गाण्याची झील धरली. मुख्य ओळ कुणी म्हटलेली नव्हती. ती त्यांना लागली नाही, मलाही नाही. आतल्या खोलीतून त्यांच्या सुनेनं ती उचलली.